अहो, उठवा याला

यंत्र बिघडतं, या गोष्टीवर माझ्या मामासासऱ्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नाही. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. "मशीन बिघडत नसती, जावईबापू, माजत असती," हे त्यांचं ठाम मत, आणि माजलेल्या मशीनला वठणीवर आणणारा माणूस वाळूजपासून करमाडपर्यंत एकच आहे, हेही तितकंच ठाम. तो कोण, हे ते सांगत नसत. फक्त मनगटावरचं घड्याळ वर सरकवून पाना हातात घेत. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला हा माणूस मला पहिल्यांदा दिसायचा होता तो माझ्याच लग्नात, आणि नेमका तिथंच दिसेना. नवरीला मामानं हाताला धरून बोहल्यावर आणायचं, ही आपल्याकडची रीत. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी एकदा घड्याळाकडं आणि एकदा माझ्याकडं असे बघताहेत, की मामाला जणू मीच दडवून ठेवलंय. मामा कुठं होते? तर कार्यालयाच्या मागं, जनरेटरपाशी. त्याचा आवाज त्यांना पसंत पडला नव्हता. मुहूर्ताला दोन मिनिटं उरली तेव्हा धावत आले, भाचीचा दंड धरला आणि तिला माझ्यासमोर आणून उभी केली. जनरेटर त्या दिवशी एकदाही बंद पडला नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण माझ्या बायकोच्या शालूवर ग्रीसच्या पाच बोटांचा ठसा आजही आहे, आणि कुणाला शालू दाखवायची वेळ आली की ती जरीच्या आधी तो ठसा दाखवते.

त्यांचं दुसरं मत याच्या अगदी उलट होतं. "फॉल्ट मशीनमधी नसतो, ऑपरेटरमधी असतो." मशीन माजते आणि फॉल्ट मात्र ऑपरेटरचा, हे दोन्ही एका वेळी कसं खरं असेल, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. घरात मिक्सर अडला की मामा मिक्सरकडं बघतसुद्धा नसत. आधी घरातल्या माणसांना एका रांगेत उभं करायचे. "कोन चालवत होतं?" एकदा आमचा टीव्ही बंद पडला म्हणून मी त्यांना फोन केला, तर म्हणाले, "रिमोट कोनाच्या हातात असतो?" म्हटलं, माझ्या. "मंग टीव्हीला काय इचारायचं?" म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र न बोलावता आले आणि पंधरा मिनिटांत टीव्ही चालू करून, वर चहाही न घेता गेले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मेन. कशालाही हात लावायच्या आधी मेन बंद, फ्यूज काढून खिशात. कंपनीतली शिस्त होती ती. दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये म्हणून. कंपनीत तिनं कितीजणांच्या जिवावर बेतलेलं निभावून नेलं असेल, देव जाणे, पण घरात तिनं मामींच्या जिवाला घोर लावला होता. एकदा मामा खिशात फ्यूज तसाच घेऊन जालन्याला कुणाच्या तरी बारशाला गेले. इकडं ऐन वैशाखात पंखे बंद, फ्रिज बंद, दूध नासलं. तिकडं मामा पेढे खात होते. संध्याकाळी परत आल्यावर खिशातून रुमालाबरोबर फ्यूज निघाला, तेव्हा म्हणाले, "तरीच! मला वाटलंच, खिसा जड लागतोय." त्यानंतर मामींनी हट्टानं पंख्यांची आणि फ्रिजची लाइन वेगळी करून घेतली. बाकी सगळं घर मात्र निजायच्या आधी मेनवरून बंद व्हायचं ते व्हायचंच.

बीड बायपासच्या पलीकडं त्यांनी घर बांधलं तेव्हा आजूबाजूला तुरी होत्या. मग शहर असं काही सुटलं म्हणता! बघता बघता तुरी गेल्या, प्लॉट पडले, प्लॉटवर अपार्टमेंट आली, अपार्टमेंटना हिल्सपासून व्हॅलीपर्यंत नावं आली, फक्त पाणी आलं नाही. त्यात ती लागोपाठची दुष्काळी वर्षं. नळाची पाइपलाइन गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलेली, बोअर कोरडे, सगळी भिस्त टँकरवर. मामांनी गच्चीवरच्या टाकीत एक काठी सोडली होती, तिच्यावर खुणा. सकाळ संध्याकाळ काठी बुडवून बघायचे आणि त्यावरून घरात कुणी आज डोक्यावरून आंघोळ करायची ते ठरायचं. पण टँकर मात्र आमच्या मामांच्या दारात वेळेवर यायचा, कारण मामा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "बेअरिंग चाललं तुझ्या पंपाचं." आणि पुढच्या आठवड्यात ते जायचं. सगळे ड्रायव्हर त्यांना वचकून असायचे. त्या वर्षांनी मामांना एकच ध्यास लावला. जे काही आहे ते गळू द्यायचं नाही, वाया जाऊ द्यायचं नाही, साठवायचं. पाणी, वीज, सुतळी, खिळे, सगळं.

आता मामींबद्दल. मामी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अक्षर असं, की चितेगावच्या शाळेतून त्यांची बदली झाली तेव्हा फळ्यावरचा शेवटचा सुविचार पुसायला म्हणे पोरं तयार नव्हती. चाळीस वर्षं रोज रोजनिशी लिहिली त्यांनी. मग संधिवातानं गाठलं. बोटं आधी सुजली, मग वाकडी झाली, मग मिटतच ना. पेन धरता येईना. वेणी मामा घालून देत, साडीच्या निऱ्या मामा करून देत. त्या निऱ्या सरळसोट एका मापाच्या, जणू पट्टी लावून केलेल्या. वरणाचा पहिला घासही मामाच कालवून देत. मामा हे सगळं इतकं हौसेनं करत, की बघणाऱ्याला वाटावं, यांना दुसरं काही करायचंच नव्हतं. मामी मात्र एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "दिवसभरात शंभर वेळा 'अहो' म्हणते गं मी. पाणी द्या अहो, दार लावा अहो, खाज सुटलीय अहो. एक तरी गोष्ट अशी पाहिजे, जी कुणाला न सांगता करता येईल." बायकोनं हे मला सांगितलं, आणि मी मूर्खासारखं मामांना सांगितलं. चार दिवसांनी त्यांनी एक जुना लॅपटॉप आणला.

पेन धरता येत नसलं तरी मामींना वाकड्या बोटाच्या सांध्यानं एकेक कळ दाबता यायची. मराठी टायपिंग त्या आठवड्यात शिकल्या. दोन वर्षं बंद पडलेली रोजनिशी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी चार ओळी लिहायला त्यांना सबंध दुपार लागली, आणि संध्याकाळी त्यांचा चेहरा असा काही दिसत होता, की मामांनी बाहेर येऊन मला उगाचच फोन केला आणि पाच मिनिटं टँकरबद्दल बोलले.

अडलं ते भलतीकडंच. मामी दोन ओळी लिहायच्या, मग विचार करायच्या. शिक्षिकाच त्या, शब्द तोलून घ्यायच्या. तेवढ्यात हा लॅपटॉप झोपायचा. आणि झोपला, की कुठलीही कळ दाबा, ढिम्म. त्याला उठवायचं बटण वर कोपऱ्यात, त्याचंही टोपण तुटलेलं, आत रिफिलचं टोक घालून दाबायला लागायचं. मामींच्या हातात रिफिल धरायची सोय असती तर त्यांनी वहीतच नसतं का लिहिलं? मग हाक. "अहो, उठवा याला." मामा गच्चीवरून काठी टाकून यायचे, रिफिल घालायचे, लॅपटॉप उठायचा, मामी लिहायच्या. दहा मिनिटांनी पुन्हा, "अहो, उठवा याला." एके दिवशी मामी लॅपटॉप बाजूला सारून म्हणाल्या, "राहू द्या. माझ्या मनातलं लिहायलासुद्धा तुम्हाला बोलवायचं, तर कशाला ते?" आणि तीन दिवस त्यांनी काही लिहिलं नाही.

मला रविवारी सकाळी सातला फोन. "जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरातले. या." मी कॉलेजच्या ऑफिसात दाखले छापतो, एवढंच माझं कॉम्प्युटरातलं असणं. तरी गेलो. म्हटलं, मामा, सोपं आहे, याला झोपूच द्यायला नको. मी त्यांचा कान कापल्यागत बघितलं त्यांनी माझ्याकडं. "रिकामी मशीन चालू ठिवायची? काय बोलताय तुम्ही?" बरं, म्हटलं, बाहेरून एक कीबोर्ड जोडू. तो मी सोबत नेलाच होता. जोडला, दाबला, आणि काय सांगू, लॅपटॉप ताडकन उठला! मी विजयानं मामांकडं बघितलं. मामांचा चेहरा पडलेला. "म्हंजी बाहेरच्यानं उठवलं की उठतो, आन् घरच्यानं उठवलं की नाय. माणसावानीच हाय की हे." आणि मामी पलंगावर, मांडीवर पाट ठेवून लिहायच्या. त्या पाटावर लॅपटॉपच कसाबसा बसायचा, दुसरा कीबोर्ड कुठं ठेवणार? शिवाय मामांच्या दृष्टीनं आता प्रश्न तत्त्वाचा झाला होता. अंगचा कीबोर्ड असताना बाहेरचा माणूस लावायचा म्हणजे मेंटेनन्सला कमीपणा.

पुढचे दोन महिने मामांनी त्या लॅपटॉपचा असा काही पिच्छा पुरवला, की विचारू नका. शहरातलं एक दुकान सोडलं नाही. सगळीकडं एकच उत्तर, "काका, हे मॉडेल असंच येतं." असंच येतं, हे उत्तर मामांनी आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. एका दुकानदाराला त्यांनी विचारलं, "तुमच्या घरचा नळ गळाला तर प्लंबरनं म्हनलं, असाच येतो, तर चालंल का?" तो म्हणाला, "काका, नळाला पाणी येईल तेव्हा बघू." त्यावर मात्र मामाही हसले.

शेवटी मी आमच्या कॉलेजातल्या लॅब सांभाळणाऱ्या बाजींना घेऊन गेलो. बाजी म्हणजे पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही कॉम्प्युटरपुढं हार न मानलेली बाई. त्यांना सगळं कॉलेज बाजीच, म्हणजे ताईच, म्हणतं. त्यांनी दहा मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाल्या, "अंकल, इसमें कीबोर्ड को उठाने की परमिशनच नहीं है. बंद करके रखे हैं. एक लाइन लिखनी पडती, बस." ओळ लिहिली, लॅपटॉप झोपवला, आणि पाट मामींच्या पुढं सरकवला. मामींनी हाताची मूठ, म्हणजे मिटत नाही ती मूठ, स्पेसबारवर टेकवली. स्क्रीन उजळली. मामींनी पुन्हा झोपवला, पुन्हा उठवला. तिसऱ्यांदा झोपवून उठवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मामा घाईघाईनं बाहेर जाऊन टँकरची वाट बघू लागले. त्या दिवशी टँकर यायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ढिम्म.

बाजी पुन्हा आल्या, ओळ लिहिली, चालू. दुसऱ्या सकाळी बंद. कधी कधी तर दुपारीच, लाइट जाऊन आली की बंद. बाजींनी ती ओळ कायमची बसवायचा प्रयत्न केला, पण तो जुना गडी ऐकेना. मामा सुडाला पेटले. "माजलंय ते. रात्रीतनं माजतंय." मामींनी एव्हाना आशा सोडली होती. त्या पाट भिंतीला टेकवून ठेवायला लागल्या होत्या. चौथ्या खेपेला बाजींनी ओळ लिहिलीच नाही. स्टुलावर बसल्या आणि डॉक्टरसारखं विचारायला लागल्या.

"अंकल, रात को क्या करते इसका?"

"काय करतो म्हंजी? रीतसर बंद करतो. मंग बटण बंद, मंग मेन बंद."

"और बैटरी?"

मामांनी अभिमानानं कपाट उघडलं. वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली लॅपटॉपची बॅटरी. आणली त्या दिवशीच काढून ठेवलेली. "वापरलीच नाय तर खराब कशी व्हईल? पुढं लागंल तवा कामाला यील."

बाजींनी कपाळाला हात लावला. मग हसू आवरून, अगदी हळू, मामांना समजावून सांगितलं. ही ओळ त्याला झोपेत आठवते. झोपणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. बंद केलं, किंवा बॅटरी नसताना वीज तोडली, की तो सगळं विसरतो. म्हणजे रोज सकाळी तो नव्यानं जन्मतो आणि रोज रात्री तुम्हीच त्याला विसरायला लावता.

मामा दोन महिने ज्याला शोधत होते, तो ऑपरेटर सापडला होता. मामी पलंगावरून त्यांच्याकडं बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडताहेत. पण छे! त्या हसत होत्या, पोट धरून, कित्येक वर्षांत हसल्या नसतील तशा. "कोन चालवत होतं?" त्या मामांच्याच आवाजात म्हणाल्या, आणि पुन्हा हसत सुटल्या. मामांचे कान लाल झाले. मग तेही हसले. कपाटातून बॅटरी काढली, फडक्यानं पुसली आणि स्वतःच्या हातानं जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर मेनच्या स्विचला सुतळीनं एक पुठ्ठा टांगलेला. त्यावर लाल खडूनं लिहिलेलं, 'काम चालू आहे. मेन बंद करू नये.' खाली मामांची सही. कंपनीत असे पुठ्ठे ते दुसऱ्यांसाठी लावायचे. हा त्यांनी स्वतःसाठी लावला होता. तीस वर्षांची सवय माणूस अशी एका पुठ्ठ्यावर सोडून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता.

त्यानंतर लॅपटॉपनं पुन्हा त्रास दिला नाही. मामी लिहीत सुटल्या. सकाळी, दुपारी, मनात आलं की मूठ टेकवायची आणि लिहायचं. मामा सगळीकडं सांगत फिरले, टँकरवाल्यालासुद्धा. मी आपला माझ्या कामाला लागलो, आणि महिनाभर तिकडं फिरकलोच नाही.

गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मामा ओसरीवर खुर्चीत बसलेले. हातात काही नाही, पाना नाही, काठी नाही. नुसते बसलेले. मी मामांना असं नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आतून टक, टक, असा संथ आवाज येत होता. म्हटलं, काय मामा, कसं चाललंय मशीन? "झकास," म्हणाले. मग, माझ्याकडं न बघता, "लई लिहितीय आजकाल. बोलवतच नाय."

मी म्हटलं, मग चांगलंच की. तेवढ्याचसाठी तर केलं सगळं.

"व्हय. तेवढ्याचसाठी केलं," म्हणाले. "पैल्यांदा दिसातनं धा-बारा डाव बोलवायची. मी वरून पळत यायचो. रिफिल घालायची, लाइट लागली की ती वर बघायची. आता..." म्हणता म्हणता त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. मग म्हणाले, "काल मनात आलं, जावईबापू, घटकाभर ते मशीनच बंद करून टाकावं. इसरंल ते. मंग बोलवंल. कोनाला काय कळतंय?"

"मग?"

"मंग काय? तिच्या दारापातूर गेलो, आन् तिचा आवाज आला, टाइप करत्याला. परत आलो."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. मी चहा मागायचं निमित्त शोधत राहिलो. आतली टकटक थांबली. मामांची मान वर झाली, हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, अर्धे उठले. आम्ही दोघंही कान देऊन ऐकत होतो. आत कुणी काही म्हणालं नाही. मग पुन्हा टक, टक, सुरू झालं. मामा हळूच खाली बसले.

"विचार करत व्हती," ते म्हणाले.